पणजीचा कार्निव्हल पहिल्यांदाच: उभं कुठे राहायचं, जेवायचं कुठे?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. गोव्याला आम्ही आजवर गेलो ते समुद्रात डुंबायला आणि मंगेशी-शांतादुर्गा करायला. यंदा नवऱ्याने हट्ट धरलाय की फेब्रुवारी २०२७ मध्ये पणजीचा कार्निव्हलच बघायचा. आम्ही चौघं: आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई शाकाहारी, पण हौस आम्हा तिघांपेक्षा जास्त. व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुगा झालाय. एक जण म्हणतो दुपारी दोनपासून जागा धरा, दुसरा म्हणतो सगळा नुसता धांगडधिंगा, मुलांना नेऊच नका. नवऱ्याने स्वस्त मिळतंय म्हणून कळंगुटचं हॉटेल बघून ठेवलंय. तर राहायचं कुठे, मिरवणूक बघायची कुठून आणि मुख्य म्हणजे खायचं कुठे, हे जाणकारांनी सांगावं. मी आणि नवरा मासे खाऊ, मुलगा काहीही खाईल, सासूबाईंचं काय ते तुम्हीच सांगा.

मांडवीकाठ
सायलीताई, जन्म पणजीतला आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आधी तारखा. २०२७ ला ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणून राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतो. त्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ सुरू होतो आणि त्याच्या आधी पोटभर खाऊन-पिऊन घ्यायचं, तो आमचा इंत्रुज. म्हणजे शनिवार ६ ते मंगळवार ९ फेब्रुवारी. मोठ्या मिरवणुका चार शहरांत वाटलेल्या असतात: शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा. अलीकडे शुक्रवारी पर्वरीला एक छोटी नांदीही होते. ‘शनिवारी रात्री निघू, रविवारी सकाळी पणजीत उतरू’ असं करून दरवर्षी कोणी ना कोणी फसतं. पणजीची मिरवणूक शनिवारीच, बाकी दिवस पणजीत मिरवणूक नाही.

दुसरं, कळंगुटचं हॉटेल रद्द करा. आजच करा. शनिवारी दुपारनंतर मिरवणुकीचा नदीकाठचा बांदोडकर मार्ग बंद होतो, त्याला लागलेले रस्ते तुंबतात आणि मांडवीच्या पुलांवर रांग लागते. परतताना टॅक्सीवाला सांगेल तो भाव. पणजीतच, चालत जाता येईल असं घ्या: फोंताईन्हास, मळा, भाटलें, अठरा जून रस्त्याच्या मागच्या गल्ल्या, अगदीच नाही तर पाटोला बसस्टँडजवळ. पाटोहून ओरेमच्या खाडीवरचा पादचारी पूल ओलांडला की तुम्ही फोंताईन्हासमध्ये. सासूबाई बरोबर आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, पाच तास रस्त्यावर उभं राहायचं तर खोली दहा मिनिटांवर हवी. रस्त्यावर स्वच्छतागृहाची वाट बघण्यासारखा दुसरा त्रास नाही.

मार्ग: बहुतेक वर्षी जुन्या सचिवालयाच्या बाजूने कांपाल, कला अकादमीकडे. मध्यंतरी काही वर्षं मिरामार ते दोना पावल रस्त्यावर नेला होता. त्यामुळे नक्की मार्ग आधीच्या आठवड्यात पेपरात बघा. वेळ दुपारी तीन-साडेतीनची सांगतात. चारच्या आत काही हललं तर मला कळवा.

आता उभं कुठे राहायचं. लोक धावत जाऊन नदीच्या बाजूचा फुटपाथ धरतात, कारण तिथे मोकळं वाटतं. तिथे उभं राहिलं की तोंड दक्षिणेला होतं आणि चार वाजताचं ऊन उजवीकडून थेट डोळ्यांत. फोटोत सगळे रथ काळे येतात. समोरची, इमारतींची बाजू धरा. तिथे सावली असते, पाठीला भिंत असते, आणि कंटाळा आला तर मागच्या गल्लीने पळ काढता येतो. दुसरी गंमत म्हणजे नाचणारी पथकं मान्यवरांच्या मंचासमोर जीव ओतून नाचतात आणि मंच ओलांडला की पाणी प्यायला लागतात. मंचाच्या अलीकडे पन्नास-साठ पावलांवर जागा मिळाली तर सोनं.

खाण्यावर दुसऱ्यांनी लिहावं. मी घरी जेवतो.

वडापाव_विरोधी_संघ
‘मी घरी जेवतो’ :)) गोवेकरांचं हे बरं आहे.

कोकणकन्या_प्रेमी
ठाण्याहून येताय तर कोकणकन्या सगळ्यात सोयीची. रात्री ठाण्याला बसा, सकाळी करमळीला उतरा. करमळी म्हणजे जुनं गोवें, तिथून पणजी बारा-एक किलोमीटर. मडगावपर्यंत जाऊन परत उलटं येऊ नका. वंदे भारतही ठाण्याला थांबते, पण ती करमळीला थांबत नाही, थिवीला उतरावं लागेल. शिवाय ती दिवसाची, म्हणजे एक अख्खा दिवस त्यातच गेला. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवार ५ फेब्रुवारीची गाडी धरायची तर ७ डिसेंबरला सकाळी आठला बोटं तयार ठेवा. कार्निव्हलला जाणारे तुम्ही एकटे नाही. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर दाबोळी आहे की मोपा ते नीट वाचावं. मोपा पार पेडण्यात आहे.

जुनाजाणता
सल्ले चांगले आहेत, पण एवढा आटापिटा कशासाठी ते कळू द्या. रथांच्या नावाखाली निम्मी गाडी जाहिरातीची असते. वर चार पोरं पिसं लावून उभी, मागे कर्णकर्कश स्पीकर. ह्याला कार्निव्हल म्हणायचं? आमच्या आजोळी, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत, इंत्रुज म्हणजे ‘खेळ’. गावातली मंडळी दोन-तीन महिने तालीम करायची आणि त्या तीन दिवसांत वाड्यावाड्यावर जाऊन अंगणात नाटकं करायची. पाद्रीपासून भाटकारापर्यंत (जमीनदारापर्यंत) कोणाचीही टर उडवायची मुभा. अंगणातल्या बाकावर बसून पाहिलेलं ते अजून आठवतं. पणजीतला प्रकार हा पर्यटन खात्याचा.

मांडवीकाठ
जुनाजाणता, खेळाबद्दल शंभर टक्के मान्य. पण मिरवणुकीला अगदीच मोडीत काढू नका. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात इंत्रुजाची रया गेली होती. मुक्तीनंतर, १९६५ च्या सुमारास पणजीतल्याच काही हौशी लोकांनी किंग मोमोची, म्हणजे कार्निव्हलच्या राजाची, मिरवणूक काढायला सुरुवात केली. सरकार मागाहून आलं. आणि जाहिरातींच्या रथांच्या मधूनमधून जे येतं ना, त्यासाठी मी अजून जातो. सुरुवातीला किंग मोमो, मुकुट घातलेला, बहुतेक वेळा गलेलठ्ठ, आणि त्याचं ते फर्मान: खा, पिये, मजा कर! नंतर पारंपरिक गटात एखाद्या गावाने माड उभा केलेला असतो आणि रेंदेर (माडी काढणारा) खरोखर त्यावर चढत असतो. मागच्या गाडीवर काजूची भट्टी, डोक्यावर पाटी घेतलेला पदेर (पाववाला) पों-पों करत सायकलवरून. एका वर्षी एक अख्खं कुटुंब, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, विदूषक होऊन चालत होतं. त्यांचा रथ नव्हता, स्पीकर नव्हता. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना.

पीठगोळा
जुन्या पणजीत लोक एकमेकांवर पिठाच्या पुड्या मारायचे, त्यांना कोकोत म्हणत. माझे काका सांगायचे की पांढरे कपडे घालून बाहेर पडण्यात शहाणपण होतं, डाग दिसत नाहीत. आता ते बंद झालं. पर्यटकांनीही धुळवड समजून रंग उडवायला जाऊ नये, लोक चिडतात.

आणि हो, रस्त्यावर उघड्यावर बाटली घेऊन पिऊ नका. मोमो काहीही म्हणो, गोव्यात त्याला दंड आहे.

गावगन्ना
माझं मत थोडं वेगळं. पणजीची मिरवणूक जरूर बघा, पण चारही दिवस मिरवणुकांमागे फिरू नका. मडगाव, वास्को, म्हापसा, बहुतेक रथ तेच. त्यापेक्षा एक संध्याकाळ दिवाडी बेटावर जा. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट मिळते, पायी माणसाला तिकीट नाही. तिथे इंत्रुजात पोतेकार निघतात. अंगावर पोतं किंवा जुनेपाने कपडे, तोंडावर भेसूर मुखवटा, कमरेला घंटा. गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली की पोरं किंचाळत पळतात आणि लगेच परत येतात, पुन्हा पळायला. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हे रथांपेक्षा जास्त आवडेल, लिहून देतो. कोण पोतेकार ते ओळखायचं नाही आणि ओळखलं तरी बोलायचं नाही.

जास्त हौस असेल तर चांदरला मुसळ खेळ. हातात मुसळं घेऊन, जमिनीवर आपटत ठेक्यात नाचतात. नाचणारे ख्रिस्ती आणि परंपरा सांगितली जाते ती विजयनगरच्या हरिहर राजाच्या विजयाची. इंत्रुजाच्या शेवटच्या दिवसांत असतो, पण दिवस आणि वेळ गावातच विचारून घ्या. पणजीपासून लांब आहे, सासूबाईंना घेऊन जाणार असाल तर गाडी ठरवून.

तिसऱ्याखाऊ
चला, आता मुख्य विषय. :)

सकाळ: हॉटेलचा फुकट नाश्ता सोडा. कॅफे टाटो किंवा कॅफे भोसले गाठा. तिथे पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, टोणक अशी भाज्यांची नावं पुकारली जातात आणि बरोबर पाव किंवा पुरी. सायलीताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न इथेच निम्मा सुटला. गोव्यात शाकाहारी माणसाचे हाल होतात हा मुंबईकरांचा गैरसमज आहे. अळसांद्याचं टोणक, काजूची उसळ, मुगागाठी, खतखतें... फक्त ते किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मागू नका. नाश्त्याला ‘बन्स’ मिळाले तर सोडू नका, पिकल्या केळ्याची गोडसर टम्म पुरी असते, मुलगा खूश. वाढणाऱ्याला मेनूकार्ड मागत बसू नका, तो तोंडीच सांगेल, तेही एका दमात.

दुपार: मासळीची थाळी. रित्झ क्लासिकचं नाव सगळे सांगतील, ते खरं आहे. साडेबाराच्या आत पोचा, एक वाजता जिना भरलेला असतो. थाळीत हुमण, सुकं, तिसऱ्या, किसमूर, सोलकढी असं येतं, वर तळलेली मासळी वेगळी मागवायची. सुरमईला इथे इस्वण म्हणतात. पण दरवेळी इस्वणच का? चणक असेल तर चणक घ्या, मोडसो मिळाला तर नशीब. महालक्ष्मीच्या देवळाजवळ कोकणी कँटीन आहे, तिथे बसायला निवांत, आणि सासूबाईंनाही ताट मिळेल. बांगड्याची उडदमेथी कुठे दिसली तर दुसरं काही मागवू नका. तिरफळाचा तो वास नारळाच्या वाटणातून वर येतो, त्याला तोड नाही.

रात्र: ख्रिस्ती पद्धतीचं जेवण हे पूर्ण वेगळं स्वयंपाकघर आहे, तिथे आंबटपणा कोकमाचा नाही, माडाच्या व्हिनेगरचा. फोंताईन्हासमध्ये व्हिवा पणजी आहे. तिथे काफ्रेआल, रेशाद भरलेला बांगडा, शागुती. इंत्रुजात सोरपोतेल आणि सान्नां खायलाच हवेत, उपासाचा काळ तोंडावर आलेला असतो म्हणून घराघरांत डुकराचं मांस शिजतं. खात नसाल तर आधीच स्पष्ट विचारा, चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, ते न विचारता चोरीस-पाव खाल्लेले लोक मला माहीत आहेत.

शनिवारी रात्री मात्र हे सगळं विसरा. मिरवणूक संपली की आठच्या सुमारास पंधरा-वीस हजार पोटं एकाच वेळी जागी होतात. (आकडा माझ्या मनाचा.) मध्य पणजीत टेबल मिळत नाही आणि मिळालं तर मासळी संपलेली असते. दोन मार्ग आहेत. एक, आधी फोन करून साडेसातचं टेबल धरायचं आणि मिरवणुकीचं शेपूट सोडून द्यायचं. शेपटात तसंही जाहिरातीच येतात. दुसरा, जो मी करतो, उभ्या-उभ्या रस ऑम्लेट. संध्याकाळी गाडे लागतात. ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस ओततात, वर कांदा, लिंबू, बाजूला पाव. रसात कोंबडीचे तुकडे अपवादानेच, पण चव कोंबडीचीच, तेव्हा सासूबाईंना देऊ नका. त्यांच्यासाठी त्या दिवशी दुपारीच भाजी-पाव बांधून ठेवा.

गोड: बेबिंका पालिका उद्यानाजवळच्या मिस्टर बेकरमध्ये किंवा ३१ जानेवारी रस्त्यावरच्या कॉन्फेतारीयात. विमानतळावरच्या चकचकीत डब्यातली घेऊ नका. पण सासूबाईंना सांगा, त्यात अंड्याचे बलक असतात, ढिगाने. दोदोल मात्र नारळ, गूळ, तांदळाचा, तो चालेल.

हुर्राकभक्त
हुर्राक, काजूच्या बोंडांची पहिली दारू, कोणीच लिहिलं नाही!

तिसऱ्याखाऊ
कारण ६ फेब्रुवारीला हुर्राक कुठून आणू? काजूची बोंडं नीट पिकली पाहिजेत. फेब्रुवारी अखेर, मार्च हा त्याचा हंगाम. तुमच्यासाठी २०२८ बरं आहे, तेव्हा कार्निव्हल २६ ते २९ फेब्रुवारी आहे. तोवर फेणीवर भागवा.

एकटी_भटकी
मी एकटी गेले होते म्हणून लिहिते. मिरवणुकीच्या गर्दीत कुटुंबं खूप असतात, त्यामुळे दुपारी मला काहीच वावगं वाटलं नाही. संध्याकाळी चर्चसमोरच्या बागेत सांबा स्क्वेअर असतो, गाणी-नाच-खाणं, तिथेही लहान मुलं नाचत होती. नऊनंतर नदीकाठच्या रस्त्यावर मात्र गाड्यांतून आलेली, बरीचशी आपल्याच बाजूची मंडळी आवाज चढवून फिरत होती, ते टाळावं. परत जायला पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले पायलट उत्तम, भाव आधी ठरवायचा.

फोंताईन्हासबद्दल एक विनंती. त्या रंगीत घरांत लोक राहतात. खिडकीशी आजी बसलेली असते आणि आपण तिच्या दाराच्या पायरीवर बसून फोटो काढतो. बऱ्याच घरांवर आता ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या आहेत, त्या वाचाव्यात.

मी_सावंतवाडीचा
कशाला एवढा खर्च, शिगमो बघा. २२ मार्चला होळी, त्यानंतर पणजीत शिगम्याची मिरवणूक. रोमटामेळ, घोडेमोडणी, ढोल-ताशा. पिसं-बिसं नाहीत, अस्सल माल.

जुनाजाणता
+१

मांडवीकाठ
सावंतवाडीकर, धाग्याचं शीर्षक वाचा हो.

मी_सावंतवाडीचा
वाचलं म्हणूनच लिहिलं.

हुर्राकभक्त
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सायली_ठाणे
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. कळंगुट रद्द केलं, भांडण न होता. मळ्यात एक जुन्या घरातली जागा मिळतेय, चार रात्री. बेत असा ठरतोय: शनिवारी सकाळी कोकणकन्येने करमळी, सामान टाकून भाजी-पाव, लवकर जेवण, मग इमारतींच्या बाजूची सावली. मंचाचं लक्षात ठेवलंय. रविवारी आराम, फोंताईन्हास आणि संध्याकाळी सांबा स्क्वेअर. सोमवारी दिवाडी. मुलाला पोतेकारांचं अजून सांगितलेलं नाही, बघू कोण आधी किंचाळतं.

मंगळवार मोकळा आहे. नवऱ्याने कुठेतरी ‘रेड अँड ब्लॅक’ नाच वाचलंय. तो काय प्रकार? मुलाला नेता येईल का? शिवाय रविवारी पणजीतली हॉटेलं चालू असतात ना?

मांडवीकाठ
रविवारी जुनी हॉटेलं बरीच बंद किंवा अर्धा दिवस, शनिवारीच विचारून ठेवा. मोठी चालू असतात.

रेड अँड ब्लॅक म्हणजे आमच्या क्लुब नासिओनालचा नाच. मंगळवारी रात्री इंत्रुजाचा शेवट त्यानेच. सगळे लाल-काळ्या कपड्यांत, क्लबच्या आसपासच्या रस्त्यावर बँड वाजतो आणि जुने पणजीकर, साठी-सत्तरीची जोडपीसुद्धा, नाचतात. मला विचाराल तर शनिवारच्या सगळ्या रथांपेक्षा ही रात्र पणजीची. मुलाला सुरुवातीला तासभर नक्की आणा, उशिरा आवाज आणि गर्दी वाढते. बुधवारी सकाळी त्याच गल्लीत लोक कपाळावर राख लावून चर्चमधून परतताना दिसतील.

तिसऱ्याखाऊ
मंगळवारी त्या बाजूला जाणार असाल तर आधी जेवून जा. नाचता नाचता भूक लागते आणि तेव्हा आसपास कटलेट-पावच मिळतो. तोही वाईट नसतो म्हणा.

सायली_ठाणे
शेवटचा प्रश्न, सासूबाईंकडून. त्यांनी हा धागा माझ्या फोनवर वाचला. त्यांच्याकडे संक्रांतीची काळी चंद्रकळा आहे, लाल काठांची. मंगळवारी ती चालेल का?

मांडवीकाठ
चालेल काय, पुढच्या रांगेत उभ्या करतील! फक्त पायात सपाट चप्पल असू द्या. रस्ता उताराचा आहे आणि तिथे कोणी बाजूला उभं राहून बघू देत नाही, हात धरून ओढतात.